शेवटचं पोरगं कुठाय?

पत्र थोडं कापून देते, बाकी जसं आलं तसंच आहे.

“ताई नमस्कार. वय ४३, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. १२ वर्षं सायकल चालवतोय, ब्रेव्हे केल्या, दोनदा एसआर झालो, पण रेस म्हणाल तर आयुष्यात एकही जिंकलेली नाही. गेल्या दिवाळीपासनं गल्लीतली पाच-सहा पोरं रविवारी माझ्या मागनं यायला लागलीत. आता त्यांच्या शाळेतले पीटीचे सर म्हणतात तुम्हीच शिकवा की, आमच्याकडं पंधरा-वीस पोरं-पोरी तयार आहेत, फक्त मानधन देता येणार नाही. पैशाचं काही नाही ताई, पण मला कोच म्हणवून घ्यायचा हक्क आहे का? सर्टिफिकेट लागतं का? सुरुवात कुठनं करायची? आणि आमची मंडळी म्हणतात आधीच रविवारी घरात नसता, आता शनिवार पण घालवणार का. — एक सायकलवाला, कोल्हापूर”

दादा नमस्कार,

आधी ते हक्काचं मिटवून टाकू. रेस जिंकली नाही म्हणून शिकवायचं नाही असा हिशोब लावला तर आपल्या कोल्हापुरातल्या निम्म्या तालमींना कुलूप घालावं लागेल, सगळ्या वस्तादांनी काय गदा मिळवलेल्या नसतात, पण पोरगं मातीत उतरलं की त्याचा कुठला पाय कच्चा आहे हे कट्ट्यावर बसून त्यांना दिसतं. आणि तसंही पोरं तुम्हाला कोच म्हणणारच नाहीत, काका म्हणतील नाहीतर सर म्हणतील, त्यामुळं त्या शब्दाचं फार मनावर घेऊ नका.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या १२ वर्षांची. तुम्ही दोनदा एसआर, म्हणजे सुपर रँडोनर, झालाय, म्हणजे (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) एकाच सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, वेळेत संपवल्यात, २०० ला साडेतेरा तास असतात आणि ६०० ला ४० तास. आता ते ४० तास आठवा. रात्री दोनला कुठल्यातरी धाब्यावर खुर्चीत डोळा लागलाय, गुडघा ठणकतोय, हाताला मुंग्या आल्यात, आणि तरी उठून परत पायडल मारायला लागायचं. दुखतंय म्हणून थांबायचं नाही, हे तुम्ही अंगात मुरवून घेतलंय आणि त्याचा तुम्हाला अभिमान असणार, असावाच. पण पोरांना नेमकं हे शिकवायचं नाहीये. पोरांना उलटं शिकवायचंय, की दुखलं तर सांगायचं, लगेच सांगायचं, लाजायचं नाही. आणि ‘अरे एवढ्यानं काय होतंय, चल की’ हे वाक्य तुमच्या तोंडात बसलेलं असणार, माझ्या होतं, ते काढायला मला दोन वर्षं गेली.

माझंच सांगते. मी आठ वर्षं चालवत होते, पन्हाळा-जोतिबा म्हणजे घरचं अंगण, आणि मग अशीच हौस म्हणून नऊ पोरांना घेऊन सप्टेंबरात एका रविवारी पन्हाळ्याला गेले. कोल्हापूरपासून वीस-एक किलोमीटर, त्यात काय एवढं. मी पुढं. का पुढं, तर चढाला मला कुणी मागं टाकलेलं खपत नव्हतं, खरं कारण तेच. वर गेलो, झुणका-भाकर खाल्ली, फोटो काढले, सगळं झकास. उतरताना पण मी पुढंच. वाघबिळाजवळ खाली येऊन थांबले आणि मोजली तर आठ. परत मोजली. आठच. तोंडाला कोरड पडणे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. उलटी वर गेले तर दोन वळणं सोडून सगळ्यात लहान पोरगं, १२ वर्षांचं, रस्त्याच्या कडेला बसलेलं, हनुवटी फुटलेली, कोपराच्या जखमेत लाल चिखल, सायकल गटारात. रडत पण नव्हतं. मी म्हटलं ब्रेक लागला नाही का रे, तर म्हणालं, “लागत होता, पण दाबून दाबून बोटं दुखायला लागली म्हणून जरा सोडला.”

तीन टाके पडले. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, म्हटलं आता आई काय काय बोलेल. ती बाई ओरडली नाही, चहा पण दिला, फक्त एकदा विचारलं, “तुम्ही कुठं होता?”

त्या पोराच्या सायकलचा ब्रेकचा दांडा त्याच्या बोटांपासून इतका लांब होता की तो नुसत्या बोटांच्या टोकांनी ओढत होता. आता गंमत बघा, बऱ्याच सायकलींच्या ब्रेकच्या दांड्याला, जिथं तो हँडलला बसतो तिथं, एक बारका स्क्रू असतो, कुठं फुल्लीचा कुठं एलन कीचा, तो थोडा आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो आणि लहान हाताला धड पकडता येतो. दोन मिनिटांचं काम. मी आठ वर्षं सायकल चालवत होते आणि मला हा स्क्रू माहीत नव्हता, कारण माझ्या हाताला तो कधी लागलाच नाही. म्हणून म्हणते दादा, आपल्या अंगाला जे कधी टोचलेलं नाही ते आपल्याला दिसत नाही, आणि पोरांना टोचणाऱ्या गोष्टी सगळ्या वेगळ्या असतात.

तर सुरुवात कुठनं करायची ह्याचं उत्तर: पहिले सहा आठवडे रस्त्यावर जायचं नाही आणि तुम्ही स्वतः सायकलवर बसायचं नाही. हो, बसायचं नाही. घरी ठेवून या. सायकलवर असलात की तुम्ही चालवायला लागणार, आणि चालवायला लागलात की पुढं बघणार. शाळेचं मैदान घ्या, तासभर पुरे, आणि वीस पोरं एकदम घेऊ नका हो. सरांना सांगा आधी आठ. तुमची गल्लीतली पाच-सहा आणि शाळेतली दोन-तीन. बाकीच्यांची यादी करून ठेवा, दुसरा मोठा माणूस मिळाला की पुढची आठ.

पहिला अख्खा तास सायकली तपासण्यात घाला. आपल्याकडं सायकल घेताना ‘वाढत्या अंगाची’ घेतात, शाळेच्या युनिफॉर्मसारखी, त्यामुळं निम्म्या पोरांचे पाय टेकत नसतात, आणि उरलेल्या निम्म्यांची सीट तीन वर्षांपूर्वी लावली तिथंच असते, म्हणजे गुडघे कानाला. सीटवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडासा वाक राहतो. पण जे पोरगं नवीन आहे, घाबरतंय, त्याची सीट खालीच राहू द्या, त्याला पाय टेकायची खात्री पाहिजे असते, उंचीचं नंतर बघता येईल. मग ब्रेकची रबरं किती राहिलीत, चाकात आउट आहे का, म्हणजे फिरताना डुलतंय का, हँडल गच्च आहे का (पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवून बघायचं), आणि तो स्क्रू. कुठला दांडा पुढच्या चाकाचा हे पण प्रत्येक सायकलला बघा, सगळ्यांचे सारखे नसतात आणि भावाची सायकल घेऊन आलेलं पोरगं हमखास गोंधळतं. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. डोक्यावर मागं सरकवलेलं हेल्मेट म्हणजे लग्नातला फेटा, शोभेचा. आणि एकदा पडून आपटलेलं हेल्मेट वरनं चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही, हे आई-बापांना पटवणं अवघड जातं पण पटवा.

दुसऱ्या आठवड्यापासून खेळ. तुम्हाला स्लो सायकलिंग आठवतंय का, गणपतीत मंडळं स्पर्धा लावायची, शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की आउट? लोक हसतात पण त्याच्याइतका चांगला धडा मला अजून कुठल्या कोर्समध्ये दिसला नाही. फक्कीचे दोन पट्टे मारा, मध्ये हातभर जागा, आणि लावा पोरांना. नजर खाली चाकाकडं गेली की पडतंय, पुढं ठेवली की टिकतंय, हे त्यांना त्यांचं त्यांना कळतं, तुम्ही एक शब्द बोलायची गरज नाही. आणि इथं काय होतं माहितीय का, जे पोरगं रस्त्यावर सगळ्यांत मागं असतं ते इथं जिंकतं. त्याचा चेहरा बघा त्या दिवशी.

मग एका हातानं चालवणं, चालत्या सायकलवरनं खालची पाण्याची बाटली उचलणं (आधी स्टुलावरची, मग विटेवरची, मग जमिनीवरची), आणि मागं वळून बघणं. हे मागं बघणं सोपं वाटतं पण ९० टक्के पोरांची, आणि खरं सांगू तर मोठ्यांची पण, मान जिकडं वळते तिकडं सायकल जाते. पट्ट्यातनं सरळ जायचं, तुम्ही मागं उभं राहून बोटं दाखवायची, किती बोटं ते त्यांनी ओरडून सांगायचं आणि पट्टा सोडायचा नाही. हे जमल्याशिवाय एकाही पोराला रस्त्यावर न्यायचं नाही. शब्द देताय बघा.

ब्रेकवर मात्र दोन तास तरी घाला. आपल्या सगळ्यांना लहानपणी काका-मामांनी शिकवलंय की पुढचा ब्रेक दाबू नको पालथा पडशील, त्यामुळं पोरं नुसता मागचा दाबतात आणि चाक घसरवत नेतात, त्यात त्यांना मजा पण वाटते, मातीवर कशी लांब रेघ उमटते ती दाखवतात एकमेकांना. थांबताना सगळं वजन पुढं येतं म्हणून खरं थांबवतो तो पुढचाच ब्रेक. दोन्ही दाबायचे, एकदम नाही, दाबत न्यायचे, आणि बूड सीटवर मागं सरकवायचं, हात ताठ. रेघेवर थांबायचं, आधी हळू वेगात, मग जरा जास्त. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग कमी करायचा, वळणात दाबत बसायचं नाही, बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, आणि बघायचं कुठं तर वळण संपतंय तिथं. खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यातच जाणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रस्त्यावर नेताना पण तुम्ही पुढं नाही. हे लक्षात ठेवा दादा, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. पुढं दुसरा मोठा माणूस, तुमचा ब्रेव्हेतला एखादा मित्र पकडा, त्याला सांगा वेग शेवटच्या पोराचा. तुम्ही मागं. तुमच्या डोळ्यासमोर आठ पाठी पाहिजेत. आणि पोरांना कुणी पुढं जातंय ते नाही तर मागं कोण राहिलंय ते बघायची सवय लावा, मी दर थांब्यावर एकच विचारते, “शेवटचं पोरगं कुठाय?” आणि पहिल्या नंबरच्या पोरानं नाव सांगायचं. सांगता आलं नाही तर परतीला त्यानंच सगळ्यांत मागं राहायचं, माझ्या शेजारी.

ओरडून सांगायचे शब्द आपल्या भाषेतलेच ठेवा, ‘खड्डा’, ‘खडी’, ‘थांब’, ‘मागनं गाडी’, ते इंग्रजी कॉल पोरं दोन दिवसांत विसरतात. सकाळचे विद्यापीठाच्या आवारातले रस्ते बरे, परवानगी आधी काढा. हायवेला, म्हणजे पुणे-बेंगळुरूला, पोरांना घेऊन जायचंच नाही, सर्व्हिस रोडवर पण नाही, उलट्या दिशेनं गाड्या येतात. आणि उसाचा हंगाम. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत पहाटे आणि संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर मातीनं बुजलेला, गाणी एवढी मोठी की तुमचा आवाज ड्रायव्हरला ऐकू येत नाही, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या, त्याच्यावर बारकं चाक गेलं की संपलं. त्या चार-पाच महिन्यांत राधानगरी रोड, गगनबावडा रोड पोरांसाठी विसरा, मैदानावर रहा नाहीतर ऊन पडल्यावर निघा. पावसाळ्यात तर आपल्याकडं प्रश्नच नाही, जून ते सप्टेंबर शाळेच्या शेडमध्ये पंक्चर काढायला आणि छर्रे ग्रीस करायला शिकवा, पोरींना पण, पोरींना तर आधी.

किती चालवायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पोरांचे बाप विचारतील. मुलांचे डॉक्टर एक सोपा आडाखा सांगतात, पोराचं जेवढं वय तेवढ्या तासांपेक्षा जास्त ठरवून केलेला सराव आठवड्यात नको, सगळे खेळ धरून. १२ वर्षांचं पोरगं शाळेत कबड्डी खेळतं, पेठेत फुटबॉल खेळतं, त्यात तुमची सायकल, बेरीज करा. आणि फुटबॉल सोडायला लावू नका, आपल्याकडं पेठेचा संघ सोड म्हणणं म्हणजे घर सोड म्हणण्यासारखं आहे, वर त्या पळण्याचा फायदाच होतो. मोठा गिअर ढकलू द्यायचा नाही. पोरांना वाटतं जड गिअर म्हणजे ताकद, पन्हाळ्याच्या चढाला दात-ओठ खाऊन उभं राहून ढकलतात. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरले पाहिजेत, मिनिटाला ८०-९० फेरे. झपाट्यानं उंची वाढायच्या वयात, मुलींमध्ये ते आधी येतं मुलांमध्ये नंतर, गुडघ्याच्या वाटीखाली जिथं हाडाचा उंचवटा लागतो तिथं बऱ्याच पोरांना दुखतं. ते नाटक नसतं. सराव कमी करायचा, सीट परत बघायची, आणि राहिलं तर डॉक्टर. सीटची उंची दर दोन-तीन महिन्यांनी बघा, ह्या वयात पोरं रात्रीत वाढतात. हार्ट रेटचे पट्टे, पॉवर मीटर, स्ट्राव्हा अ‍ॅपवरचे नंबर ह्यातलं काही नको. बोलता येतंय का एवढं बघा, गप्पा मारत चालवता येतंय म्हणजे वेग बरोबर. खायला केळं आणि गूळ-शेंगदाणे. कोल्हापुरात राहून पाकिटातली एनर्जी जेल पोराला चाटायला देणाऱ्या बापाला मी एकदा जे बोलले ते इथं लिहीत नाही. आणि कुणाच्याही वजनाबद्दल, पोरींच्या तर अजिबातच, एक शब्द काढायचा नाही, गमतीत पण नाही.

पोरींवरनं आठवलं. सरांनी ‘पोरं-पोरी’ म्हटलंय ते चांगलंय, पण माझा अनुभव असा की सातवी-आठवीपर्यंत पोरी येतात, मग एक दिवस यायच्या बंद होतात आणि कुणी कारण सांगत नाही. कारणं साधी असतात. मैदानावर बाथरूमला कुलूप, सोबत कुणी बाई नाही, पाळीच्या दिवसात कुणाला सांगायचं ते कळत नाही. एखादी आई, मोठी बहीण, शाळेतल्या मॅडम, कुणीतरी बाई माणूस प्रत्येक वेळी तिथं पाहिजेच, सायकल येत नसली तरी चालेल. आणि कुलपाची किल्ली शिपायाकडनं आदल्या दिवशीच घेऊन ठेवायची. एवढं केलंत तर निम्म्या टिकतील.

आता जरा रुक्ष बोलते पण ते टाळता येणार नाही. एकट्या पोराबरोबर एकटे तुम्ही असं कधीच नको, ना मैदानावर, ना गाडीवर डबलसीट, ना घरी सायकल दुरुस्तीला. पोरांना स्वतंत्र मेसेज नाही, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. सीट-हेल्मेट बघताना हात लावायच्या आधी विचारायचं. पोलिसांकडनं चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, ऑनलाइन अर्ज करता येतो, कुणी मागितला नाही तरी काढा आणि सरांच्या फाइलला लावा. तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही हो, उद्या तुमच्या हाताखाली जो दुसरा-तिसरा माणूस येईल त्याच्याकडं मागताना तोंड उघडता यावं म्हणून. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, आणि मुलाच्या बाबतीत काही वाईट घडलंय हे कळूनही न कळवणं हा पण त्यात गुन्हा धरलाय. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, तो पोरांना पण पाठ असू द्या.

पालकांकडून एक कागद सही करून घ्या, त्यात दमा, फिट, कसली अ‍ॅलर्जी, रक्तगट, दोन फोन नंबर. तो कागद घरच्या कपाटात नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या बॅगेत. ग्रुपची अपघात विमा पॉलिसी शाळेच्या नावानं निघते का ते विचारून घ्या. १०८ चा नंबर सगळ्यांना माहीत असतोच पण कुठं बोलवायचं हे सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक रूटवरच्या खुणा पोरांना विचारत जा. आणि डोक्यावर आपटलेलं पोरगं कितीही ‘मला काय झालं नाही’ म्हणालं तरी त्या दिवशी परत सायकलवर नाही, घरचे येईपर्यंत तुमच्या नजरेसमोर, आणि डॉक्टरकडं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर गल्लीतल्या आठ पोरांना मैदानावर शिकवायला कुणी अडवत नाही. पण पहिलं सर्टिफिकेट काढायचंच असेल तर प्रथमोपचाराचं काढा, रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे वर्ग असतात. तुमच्या फाउंड्रीत सेफ्टीवाले असतील त्यांना विचारा, कंपनीतच ट्रेनिंग होत असेल तर फुकटात काम झालं. पुढं दोन-तीन वर्षांनी अंगात भिनलंच तर पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, सगळे एनआयएस म्हणतात ती, तिथं सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, वर्षभराचा डिप्लोमा वेगळा. त्या वर्षी सायकलिंग आहे का बघून अर्ज करायचा. पण सहा आठवडे सुट्टी, हे मंडळींशी आधी बोला, माझं नाव सांगू नका.

आणि पालक. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून आपल्याकडं प्रत्येक बापाला वाटतं आपल्या घरात पण एक आहे. वाटू दे, चांगलंच आहे. पण ते पहिल्याच महिन्यात विचारणार, ह्याला दहावीला मार्क मिळतील का, नोकरीत उपयोग होईल का. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे खरं आहे, पण ते ठरावीक स्पर्धांमधल्या कामगिरीवर, रविवारी काकांबरोबर गेलं म्हणून नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात होतात, नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्यांनाच विचारू द्या, तुम्ही कुठलंच आश्वासन देऊ नका. एखादं पोरगं खरंच पळणारं निघालं, तर त्याला तुमच्याजवळ धरून ठेवू नका. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात ना, तसलं काही नको, ज्याला रेसचं कळतं त्याच्याकडं पाठवून द्या आणि तुम्ही परत फक्कीचे पट्टे मारायला या.

पैसे घेऊ नका पण वर्गणी घ्या. महिन्याला पन्नास-शंभर, ट्यूब, पॅच, ब्रेकची रबरं, पट्ट्या-आयोडीन ह्यात जाईल, हिशोब ग्रुपवर टाकायचा. एकदम फुकट ठेवलं की लोक पोरं आणून सोडतात आणि स्वतः मिसळ खायला निघून जातात. ज्याला देणं होत नाही त्याचं कुणाला न कळता माफ.

आता मंडळींचं. त्या बरोबर बोलतायत, उगाच वाद घालू नका. शनिवार पण घालवायचा आणि रविवारी स्वतःचं १०० किलोमीटर पण करायचं हे जमत नाही, मी करून बघितलंय, घरात आठ दिवस कुणी धड बोलत नव्हतं. एकच दिवस ठेवा, शनिवारी सकाळचा तास, पोरांचा. तुमची स्वतःची राइड महिन्यातनं दोन रविवार. ब्रेव्हे वर्षाला एखादी. म्हणजे एसआर तिसऱ्यांदा होणं नाही, ते मनातनं काढा. हे आत्ताच जमणार नसेल तर सरांना आत्ताच नाही म्हणा, त्यात कमीपणा काही नाही, पोरांना चार महिने शिकवून मध्येच सोडण्यापेक्षा ते बरं.

आणि एक, निघताना तुमचा पंप बघून घ्या. तुमच्या सायकलला बारीक नळीचा व्हॉल्व्ह असणार, पोरांच्या बहुतेक सायकलींना मोटारसायकलसारखा जाड असतो आणि एक-दोघांच्या आजोबांच्या सायकली असतील त्यांना जुना रबरी नळीवाला, त्याचं रबर कुजलं की कितीही हवा मारा, राहत नाही. दोन्ही तोंडांचा पंप घ्या आणि रबरी नळीचा वीतभर तुकडा खिशात ठेवा. पहिल्या शनिवारी लागणारच.